पेपर मारलेले शाफ्ट

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा आईनं विचारलं, नेमकं काय शोधायचंय. मी सांगितलं, लेथवर लोखंड कापताना हत्यार तापतं. ते थंड राहावं म्हणून त्यावर सतत पांढरं, दुधासारखं पाणी सोडतात. त्याला कुलंट म्हणतात. त्यात तेल असतं, औषधं असतात. वापरून वापरून ते नासतं आणि कुठं तरी ओतून द्यावं लागतं. त्या पाण्याऐवजी थेंबभर तेलावर काम भागतं का, आणि भागलं तर माल तितकाच चांगला निघतो का, एवढंच बघायचंय. आई म्हणाली, एवढ्यासाठी किती वर्षं? मी म्हटलं, तीन-चार. प्रत्यक्षात सहा लागली. त्यातलं एक वर्ष कसं गेलं, ते सांगण्यासारखं आहे.

मी बीदर जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. घर चिटगुप्प्याजवळच्या खेड्यात, गावाच्या खालच्या अंगाला, विहाराला लागून. घरी आई आणि मी. आमच्या कॉलेजातला लेथ मुलांच्या हाताखाली इतका झिजलेला, की त्यावर काढलेली मापं कुणाला दाखवायची लाज वाटावी. माझे गाईड कलबुर्गीचे. कमी बोलणारे, कागद डोळ्यांजवळ धरून वाचणारे. ते म्हणाले, रोज माल काढणारी एखादी शेड शोध. तिथं जे निघेल ते खरं.

तशी शेड मला बसवकल्याणला मिळाली. उमरग्याच्या रस्त्याला ट्रकची कामं करणाऱ्यांच्या रांगेत शेवटची. दोन लेथ, एक ड्रिल मशीन, पत्र्याचं छप्पर. मालक स्वतःच कारागीर. साठीच्या आसपासचे, अंगानं बारीक, पांढऱ्या मिशीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. मशीन सुरू करायच्या आधी ते ती डबी शर्टाच्या आत सारून वरचं बटण लावत, फिरत्या कामात दोरा अडकू नये म्हणून. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, ट्रकवाल्यांशी दखनी. मापं मात्र कानडीतच पुटपुटत.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कामून आलाव मॅडम? हितं शिकण्यासारखं काय हाय?" मी विषय सांगितला. मग त्यांनी गाव विचारलं, आणि गावात घर कोणत्या बाजूला तेही विचारलं. आमच्याकडं हा दुसरा प्रश्न कशासाठी असतो ते मला कळतं. मी विहाराचं नाव घेऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मागच्या दाराकडं तोंड करून बायकोला दोन कप चहा सांगितला. चहा एकसारख्याच कपांतून आला. त्यावर पुढं कधी बोलणं झालं नाही.

त्या दिवशी माझं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं होतं. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटलेली, लालभडक, कडेला पांढरी. दुपारी जेवायला बसले तेव्हा ते भाकरी वरणात चुरून चमच्यानं खात होते. तिखट त्या भेगांना झोंबतं, म्हणाले. कधीपासून, तर पंधरा-वीस वर्षं. डॉक्टरांनी मलम दिलं होतं, ते लावलं की चार दिवस बरं वाटे. कुलंटमुळं होतं का, मी विचारलं. ते म्हणाले, "लोखंडाच्या कामात हात असेच असतात अक्का." मॅडमची अक्का मी त्या दुपारीच झाले.

शेडच्या मागं एक खड्डा होता. नासलेलं कुलंट त्यात जाई. रविवारी शेड बंद राहिली की सोमवारी सकाळी टाकीला असा वास सुटे, की अण्णांच्या बायको मागचं दार लावून घेत. त्या म्हणत, पावसाळ्यात खड्डा भरून वाहतो आणि बोअरच्या पाण्यावर तवंग येतो. 

आम्ही करायचं ठरवलं ते असं. लेथच्या हत्याराच्या टोकाशी एक बारीक नळी आणायची. तिच्यातून हवेच्या जोरावर तेलाचा फवारा सोडायचा, धुक्याइतका बारीक. हवेसाठी शेजारच्या पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर घेतला. तेल तासाला जेमतेम चहाच्या कपाएवढं जाई. तेल कुठलं, यावर मी फार विचार केला नाही. आमच्या भागात करडी पिकते. तिच्या काट्यांत हाताला फडकी गुंडाळून आईनं आयुष्यभर काढणी केली. करडीचं तेल कारखान्यात कामाला आलं तर बरं होईल, असं माझ्या मनात होतं. शास्त्रीय कारणं मी मागाहून जोडली.

काम सोपं होतं, पण लांबलचक. एकाच जातीच्या पोलादाचे शाफ्ट घ्यायचे. डाळ मिलच्या यंत्रांत फिरतात तसले गोल दांडे. ते वेगवेगळ्या गतीनं कापायचे, एकदा कुलंट सोडून, एकदा तेलाचा फवारा मारून, एकदा नुसते कोरडे. दर वेळी शाफ्टचा पृष्ठभाग किती गुळगुळीत झाला ते मीटरनं मोजायचं. हत्याराची टिप किती झिजली ते कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. वीज किती ओढली तेही लिहायचं. मी शनिवारी आणि सुट्टीच्या दिवशी येई. बाकीचे दिवस अण्णा त्यांच्या कामाच्या फटीत माझे शाफ्ट काढून ठेवत. प्रत्येकावर खडूनं नंबर घालत आणि कागदात गुंडाळत. मी आले की मापं घेई.

मापं फार चांगली येऊ लागली. तेलाच्या फवाऱ्यावर काढलेले शाफ्ट कुलंटवरच्यांपेक्षा गुळगुळीत. मी हरखले. कलबुर्गीला विभागात सादरीकरण केलं. गाईडनी प्रथमच सगळ्यांसमोर मान डोलावली. त्यावर एक शोधनिबंध लिहून आम्ही एका नियतकालिकाला पाठवला आणि तो स्वीकारल्याचं पत्रही आलं. आईला मी मोबाईलवर ते पत्र दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं पडद्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, यात करडीचं नाव कुठं आहे. मी तो शब्द दाखवला.

पत्र आल्यावर महिन्याभरानं मी पुढच्या प्रकरणासाठी जुने आकडे पुन्हा मांडत होते. एक गोष्ट खुपू लागली. टिप नवी असताना काढलेला शाफ्ट आणि ती झिजल्यावर काढलेला शाफ्ट, दोन्ही सारखेच गुळगुळीत होते. बोथट सुरीनं टोमॅटो कधी स्वच्छ कापला जात नाही. पोलादाचंही तसंच आहे. मी काही शाफ्ट कॉलेजात आणून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. हत्यारानं कापलेल्या धातूवर एकाशेजारी एक सारख्या अंतराच्या बारीक रेघा दिसतात, नांगरटीसारख्या. त्या होत्याच, पण त्यांचे कंगोरे घासून गेले होते आणि वर दुसरेच ओरखडे होते. शाफ्टवरून बोट फिरवलं तर बोटाला काळी बारीक पूड लागली.

शनिवारी मी शेडमध्ये गेले. अण्णा एका ट्रकची पिन काढत होते. पिन तयार झाली. मशीन थांबवायच्या आधी त्यांनी खिडकीत ठेवलेला पॉलिश पेपरचा, म्हणजे घासायच्या काचकागदाचा, तुकडा उचलला, फिरत्या पिनेवर दोन बोटांनी धरला, वर-खाली फिरवला आणि मग मशीन बंद केलं. हे सगळं इतक्या सवयीनं, की त्यांचं लक्षही तिकडं नव्हतं.

मी विचारलं, माझ्या शाफ्टलाही असाच पेपर मारता का.

"व्हय तर. पेपर मारल्याबिगर मी काम कुणाच्या हातात देत न्हाई, अक्का. तुमचंच कामून तसं देऊ?"

मी तिथल्या स्टुलावर बसले. सगळ्यांना मारलात का, विचारलं. ते म्हणाले, तेलावर काढलेल्यांना बहुतेक सगळ्यांना. कुलंटवरचे ओले असतात, त्यांना पेपर नीट लागत नाही, म्हणून काहींना मारला, काहींना नाही. कोणत्यांना ते आठवत नाही. मी आले की माप घेते, गुळगुळीत निघालं की मी खूश होते, हे त्यांनी बघितलं होतं. काम चांगलं दिसावं एवढंच त्यांना समजलं होतं. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, की मला वाईट दिसणारं कामही तितकंच हवं आहे.

त्यांना हे समजावताना माझा आवाज चढला असावा. मी म्हटलं, तुमच्या पेपरमुळं माझी सात-आठ महिन्यांची मेहनत वाया गेली.  हातातली पिन त्यांनी फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली आणि बाकावर ठेवली. मग म्हणाले, "चाळीस वर्षं झाली हे काम करायलो. चांगलं काम दिलं म्हणून कुणी बोललं न्हवतं." मी बस पकडून निघून आले. हुमनाबादपर्यंत मला रडू येत होतं. माझं काम गेलं म्हणून, की त्यांना बोलले म्हणून, ते मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

सोमवारी मी कलबुर्गीला जाऊन गाईडना सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, तू स्वतः समोर असताना काढलेले शाफ्ट किती. मी सांगितलं, थोडे, जे मशीनवरून मीच उतरवून घेतले होते. त्यांच्यावर निबंध उभा राहील का. नाही. मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि म्हणाले, "निबंध मागं घेतोय असं लिही. कारणही लिही, जसं घडलं तसं." मी विचारलं, कारण लिहायलाच हवं का. ते म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये हेच घडत असेल, त्याला उपयोग होईल. पत्र लिहिताना मी कुठंही अण्णांची चूक असं म्हटलं नाही. पद्धत आखताना माझ्याकडून राहून गेलं, असं लिहिलं, आणि ते खरंच होतं.

पुढचे दोन महिने मी बसवकल्याणला गेले नाही. कॉलेजात काही जणांना निबंध मागं घेतल्याचं कळलं होतं. ते आडून विचारत, मी सरळ सांगत असे. सरळ सांगितलं की लोक लवकर गप्प बसतात, हे मला त्या दिवसांत समजलं. आईला मात्र मी एवढंच सांगितलं, की थोडं काम पुन्हा करावं लागणार आहे.

एके दिवशी तास संपवून बाहेर आले तर अण्णांचा फोन. त्यांनी जुन्या गोष्टीचा विषय काढला नाही. म्हणाले, "अक्का, एकदा येऊन जावा. लेथची स्लाइड चिकटायलीय. तुमच्या तेलाचंच काम हाय बहुतेक."

मला आधी कळेना, माझं तेल तिथं कसं. मी गेल्यावर उलगडा झाला. मी जायची थांबले तरी अण्णांनी तेलाचा फवारा काढला नव्हता. त्यांची स्वतःची सगळी कामं ते त्याच्यावरच करत होते. कॅन संपला तर बाजारातून करडीचं तेल आणून भरलं होतं. कुलंटची टाकी कोरडी पडली होती, मागचा खड्डाही. हे कशासाठी, असं विचारायच्या आत जेवायची वेळ झाली आणि ते माझ्यासमोर बसून हातानं भाकरी मोडून खाऊ लागले. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा होता. बोटांच्या बेचक्यांत भेगांच्या जागी फिकट, नवी कातडी आली होती. त्यांच्या बायको म्हणाल्या, दीड महिन्यात हा फरक पडला. अण्णांनी ठेच्याला आणखी एक घास लावला.

माझ्या वहीतल्या गुळगुळीतपणाच्या आकड्यांवर भरवसा उरला नव्हता, आणि समोर हे होतं. त्या दुपारी मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात हलवून विषय बाजूला केला आणि मला लेथकडं नेलं.

लेथची सरकपट्टी, म्हणजे ज्यावरून हत्यार पुढं-मागं जातं ती, पिवळसर चिकट थरानं माखली होती. वार्निश लावल्यासारखी. चाक फिरवायला जोर लागत होता. तेलाचे उडालेले कण हवेत आणि उष्णतेत वाळून त्यांचा डिंक झाला होता. मी काही पुस्तकं चाळली आणि कारण सापडलं. पण त्याआधी आईनंच सांगितलं. मी घरी सहज विषय काढला तर ती फडताळातला करडीच्या तेलाचा डबा घेऊन आली आणि त्याचं तोंड दाखवलं. झाकणाभोवती तसाच पिवळा, चिवट थर होता. ती म्हणाली, "हे तेल वाळतंय. तुला म्हाईत न्हवतं?" मी या घरात तीस वर्षांवर राहिले होते आणि तो डबा रोज उघडत होते.

मग कोणतं तेल वाळत नाही, मी तिला विचारलं. ती म्हणाली, करंजाचं. जनावराच्या जखमेला लावतात, दिवसच्या दिवस तसंच ओलं राहतं. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, व्हय, होंगे. कानडीत करंजाला होंगे म्हणतात. त्यांच्या लहानपणी गाडीच्या आखाला हेच तेल घालत. ते खायच्या उपयोगाचं नाही, म्हणजे कुणाच्या ताटातलं काढून मशीनला द्यायचाही प्रश्न नव्हता. आळंदच्या बाजारात एक घाणेवाला करंज गाळून देतो असं कळलं. अण्णा आणि मी बसनं जाऊन दोन कॅन भरून आणले. परतताना कॅनच्या कडू, उग्र वासामुळं कंडक्टरनं आम्हाला सगळ्यात मागं बसवलं.

स्लाइड रॉकेलनं धुऊन आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी सगळे शाफ्ट मी समोर असतानाच काढायचं ठरलं. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली. रोज सकाळी पहिल्या बसनं जाई. शाफ्ट निघाला की अण्णा हात मागं बांधून बाजूला उभे राहत आणि मी तो काढून घेई. ओबडधोबड निघालेला शाफ्ट तसाच कागदात गुंडाळून ठेवायचा, हे त्यांना सुरुवातीला जड गेलं. एकदा म्हणाले, यावर माझं नाव तरी लिहू नका.

त्या महिन्यांत मला आणखी एक गोष्ट दिसली. अण्णा हत्याराकडं बघत नसत, ऐकत असत. एका क्षणी ते म्हणत, "टिप गेली." मी मशीन थांबवून भिंगाखाली बघे, तर टिपेची कड खरंच झिजलेली. आवाज कसा बदलतो, मी विचारलं.  आधी भाकरी थापल्यासारखा येतो, मग पीठ मळताना परात सरकल्यासारखा, एवढंच ते म्हणाले. मी वहीत एक नवीन रकाना आखला. अण्णा कधी 'गेली' म्हणाले ते त्यात लिहू लागले. बहुतेक वेळा ते आणि भिंग एकमतानं बोलत. काही वेळा ते चुकले, तेही लिहिलं. टिप वेळेवर बदलली तर ती तुटत नाही, माल फुकट जात नाही, वीजही कमी लागते. प्रबंधातलं एक आख्खं प्रकरण त्या रकान्यातून आलं.

शेवटी निकाल काय लागला, तर मधलाच. साध्या पोलादावर, मध्यम गतीला, करंजाचा फवारा कुलंटच्या बरोबरीनं चालला. टिप तर थोडी जास्तच टिकली. पण गती वाढवली, किंवा कठीण पोलाद घेतलं, की धूर निघे आणि टिप जळे. तिथं कुलंट लागतंच. धुराचा वासही काही सुखाचा नव्हता. अण्णांनी छपराला पंखा बसवून घेतला. त्यांच्या रांगेतल्या दोघांनी फवारा लावून बघितला. एकानं ठेवला, दुसऱ्यानं वासामुळं आठवड्यात काढून टाकला. हे सगळं मी तसंच लिहिलं. पहिल्या निबंधातले आकडे यापेक्षा कितीतरी देखणे होते.

मौखिक परीक्षा कलबुर्गीला झाली. कुणीही येऊन बसू शकतं म्हणून मी अण्णांना बोलावलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि मागच्या रांगेत आईशेजारी बसले. सगळं इंग्रजीत. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, पहिला निबंध मागं का घेतला. मी पॉलिश पेपरची गोष्ट सांगितली. ते थोडं हसले आणि म्हणाले, त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांच्याकडंही असंच काहीसं झालं होतं, पण त्यांना ते फार उशिरा कळलं. मग त्यांनी पुढचं पान उलटलं.

संपल्यावर आम्ही चौघं, म्हणजे गाईडही, स्टँडजवळच्या खानावळीत जेवायला गेलो. जोंधळ्याची भाकरी, वांगं, शेंगाची चटणी. गाईड आणि अण्णा कानडीत बोलू लागले आणि बोलत राहिले, पोलादाच्या जातींबद्दल. आई मला हळूच म्हणाली, तुझे सर घरी एवढं बोलत असतील का. आमची बस आधी होती. अण्णा आम्हाला फलाटापर्यंत सोडायला आले.

"आता तुम्ही शेडला येणार न्हाई की," ते म्हणाले.

मी म्हटलं, येईन. कोरड्या कापणीवर अजून बरंच बघायचं राहिलंय.

"या. शुक्रवारी मात्र येऊ नका. शुक्रवारी दिवसभर लाईट नसते."

मी बरं म्हटलं. बस सुटली, आणि आईनं खिडकीची काच वर ओढून घेतली.